मुक्या शुक्रवारची घंटा

कल्पना करा, तुम्ही समुद्राच्या काठावर उभे आहात आणि धुके इतके दाट आहे की तुमचे स्वतःचे पायही तुम्हाला दिसत नाहीत. लाटेचा आवाज येतो, लाट दिसत नाही. आणि त्या धुक्यात कुठेतरी तुमचे वडील आहेत.

दहा वर्षांची फिलोमी तशीच उभी होती. सिप्पितुरै हे तिचे गाव, तामिळ किनाऱ्यावरचे. तिचा अप्पा तोम्मै तिघांना घेऊन गुरुवारी पहाटे समुद्रावर गेला होता. बाकीच्या होड्या संध्याकाळच्या प्रार्थनेआधी परतल्या. त्यांनी निरोप आणला, "तोम्मैची डोलकाठी मोडलीय. दोर लावून ओढतो म्हटलं तर हसला. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, माझे हात काही मोडले नाहीत."

आता शुक्रवारची सकाळ झाली होती. वारा पडला होता. गावाच्या उत्तरेला पाण्याखाली काळे खडक होते. मागच्याच वर्षी एक होडी त्यांनी अंड्याच्या टरफलासारखी फोडली होती. तिच्यातले कोणी परत आले नाही.

एरवी धुके पडले की चर्चची घंटा वाजवत. तिच्या रोखाने होड्या घरी येत. पण आज गुड फ्रायडे होता. येशूच्या मरणाच्या दिवशी घंटा वाजत नाही. गुरुवारी ती मुकी होते, ती शनिवारच्या रात्रीच पुन्हा बोलते. पणजोबांच्या पणजोबांपासून हे असेच चालत आले होते. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या गब्रियेल तात्ताने दोर वर गुंडाळून पक्की गाठ मारली होती आणि तो किनाऱ्यालगतच्या चर्चच्या दारात उभा होता.

"तात्ता, तुमचा मुलगा असता होडीत, तर?" दारापुढे जमलेल्या बायकांतल्या सूसै अत्तैने विचारले.

"घंटा मुकी झाली तरी तुझी जीभ काही होत नाही," म्हातारा म्हणाला. मग खालच्या आवाजात पुटपुटला, "माझा मुलगा समुद्रानंच नेलाय, सूसै. मला विचारू नकोस."

फिलोमीची अम्मा वाळूत बसून होती. ती रडत नव्हती. तिचे ओठ तेवढे हलत होते.

तेवढ्यात फादर अरुळ बाहेर आले. दोनच महिन्यांपूर्वी ते समुद्रापासून दूरच्या, कापसाच्या मुलुखातून या गावी आले होते. त्यांनी तात्ताला हळूच बाजूला केले आणि गाठ सोडली.

"पाप लागायचं ते मला लागू दे," ते म्हणाले. "चार जीव आहेत तिकडे."

घंटा वाजली. मोठी, खणखणीत. बायकांनी छातीवर क्रूस काढला. सूसै अत्तै हमसून हमसून रडायला लागली. अम्माने फिलोमीला जवळ ओढले. फिलोमी हसली. कितीतरी वेळाने हसली.

तिने डोळे मिटले, तर तिला अप्पा दिसला. वल्हे पाण्यातून वर धरलेले, मान तिरकी, कान टवकारलेले. आता तो शेजारच्याला काय म्हणेल? तो विचारेल, ही घंटा कुठली? या किनाऱ्यावर घंटा दोनच. एक आपली. दुसरी दक्षिणेला अर्ध्या कोसावर, मुरुगनच्या देवळाची.

फिलोमीने खाडकन डोळे उघडले.

"अम्मा, अप्पाला ठाऊक आहे, आज शुक्रवार आहे!"

"मग काय झालं?"

"आज आपली घंटा वाजत नाही, हे ठाऊक आहे त्याला! तो म्हणेल, ही मुरुगनची घंटा. म्हणजे गाव तिच्या उत्तरेला. अम्मा, तो होडी उत्तरेला वळवेल!"

अम्मा ताडकन उठली.

फिलोमी पळत सुटली. चर्चमध्ये शिरली आणि दोराला लोंबकळली. "थांबा, फादर! ते खडकांवर जातील!" घंटेने एक अर्धा ठोका दिला आणि ती थांबली.

मग एकदम शांतता पसरली. ती त्या आवाजाहून भयंकर होती. दारात गब्रियेल तात्ता उभा होता. त्याच्या हातात लाकडावर लाकूड आपटणारा खटखट्या होता. या मुक्या दिवसांत त्यानेच तो लोकांना प्रार्थनेला बोलावी. तीन ठोके, थांबायचे, पुन्हा तीन. पण त्याचा आवाज गल्लीबाहेर जात नसे. म्हाताऱ्याने खटखट्याकडे पाहिले, समुद्राकडे पाहिले आणि मान खाली घातली.

फिलोमी पुन्हा किनाऱ्याकडे धावली. पहिल्या पालथ्या होडीला ती धडकलीच. चाचपडत तिने वल्हे उचलले. ते तिच्याहून उंच होते. तिने ते होडीच्या पाठीवर आपटले. लाकडावर लाकूड. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा.

"अगं, वेड लागलं का पोरीला?" कोणीतरी ओरडले.

"वेड तुम्हाला लागलंय!" मागून धापा टाकत आलेला तात्ता गरजला. "आज आपल्या गावाचा आवाज हाच! उचला वल्ही! हाणा!"

मग सगळा किनारा वाजू लागला. फादरही, सूसै अत्तैही, अम्माही. तीन ठोके. थांबायचे. तीन ठोके. थांबायचे. दर वेळी थांबले की सगळे श्वास रोखून ऐकत. दर वेळी फक्त पाणी ऐकू येई. किती वेळ गेला, कोणालाच कळले नाही.

आणि मग आवाज आला. उत्तरेकडून, अगदी खडकांच्या अंगाने, बारीकसा. लाकडावर लाकूड. तीनदा.

अम्मा मटकन खाली बसली. फिलोमी बसली नाही. तिने तळहाताचे रक्त परकराला पुसले आणि वल्हे पुन्हा उचलले.