एकेचाळिसावी टेस्ट

माजी सैनिकांसाठीचा वेबसाइटवरचा अर्ज नीट चालतो का, हे तपासायला दीपमालानं चाळीस टेस्ट लिहिल्या. सगळ्या पास.

"तू जसा भरशील, तसाच तपासलायस," साताऱ्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले. "लोक कसा भरतील? सोमवारी सुरू करायचाय."

रविवारी तिनं वडिलांना, रिटायर हवालदार केरूंना, ऑफिसात आणून कॉम्प्युटरपुढं बसवलं. नावाच्या चौकटीत त्यांनी एका बोटानं आधी फौजेतला नंबर टाइप केला, मग हुद्दा, मग नाव. बावीस वर्षांची सवय. बटण दाबलं. अर्ज ढिम्म. पुन्हा दाबलं, तर सगळंच हँग.

केरूंनी चटका बसल्यागत हात मागं घेतला. "बिघडवलं का गं मी?"

"न्हाई आबा, अर्जच चुकीचा हाय. माझ्या चाळीस टेस्टला घावलं न्हाई, ते तुमाला घावलं!"

ती एकेचाळिसावी टेस्ट लिहायला लागली. केरू उठून बाहेर गेले. मनाला लागलं वाटतं, असं तिला वाटलं.

तासाभरानं ते परतले. मागं रांगेत सहा म्हातारे, ताठ.

"घे," केरू म्हणाले. "एकालाबी कॉम्प्युटर येत न्हाई. समदे बिघडवायला तयार हायत."