तीन रिकामे रकाने

"हलू नकोस रे दादा, टाचणी टोचेल," छोटी म्हणाली. तोंडात चार टाचण्या धरूनही तिला बोलता येतं. टेलरिंगच्या दुकानात वीस वर्षं काढल्यावर कुणालाही येईल. अठ्ठेचाळीस पूर्ण झाली तरी घरात ती छोटीच.

मास्तर हलत होते. त्यांची पँट कमरेत बसेना म्हणून बहिणीला बोलावून घेतलं होतं, पण मास्तरांचा जीव अडकला होता हातातल्या कागदात. तिबिलिसीचं सात दिवसांचं वेळापत्रक. जन्मभर भूगोल शिकवला, शाळेचं वेळापत्रकही दरवर्षी यांनीच आखायचं, आणि जॉर्जियाची राजधानी कोणती हे ज्याला आलं नाही त्याला बाकावर उभं करायचं. स्वतः मात्र कुठली राजधानी पाहिली नव्हती. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला आणि म्हणाले, किडनी झकास चाललीय, आता जरा फिरून या.

किडनी छोटीची. तिने दिली त्याला चौदा महिने झाले. मास्तरांनी दोनदा आभार मानायला तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा ती "गप रे" म्हणाली आणि तिने चहा मागितला.

"तिघांनी जायचं," मास्तर म्हणाले. आज हे त्यांचं पाचव्यांदा.

"तुम्ही दोघं जा. मी कशाला लोढणं गळ्यात? आणि दुकान कोण बघणार?" हेही पाचव्यांदा.

"निदान ऐकून तरी घे." मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचावं तसं वाचायला लागले. "शनिवार. पोचायचं, बॅगा टाकायच्या, जुन्या भागात फेरफटका. लाकडी कोरीव सज्जांची घरं आहेत. रविवार. रोपवेने किल्ल्याकडे. तिथे डोंगरावर एक भलीमोठी बाई उभी आहे. पुतळा गं. एका हातात मित्रांसाठी प्याला, दुसऱ्या हातात शत्रूंसाठी तलवार."

"म्हणजे वहिनीच की," छोटी म्हणाली.

वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, ओट्याशी भाजी चिरत होत्या. त्यांनी मागे न बघता सुरी वर करून दाखवली. "अहो, त्या गंधकाच्या गरम पाण्याच्या न्हाणीघरांवर काट मारलीत ना? डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"मारली. बाहेरून नुसते घुमट बघायचे. मंगळवार. सकाळी संग्रहालय, मग पुलावरचा जुन्यापुराण्या वस्तूंचा बाजार. गुरुवार. गाडीने अर्ध्या तासावर त्यांची आणखी जुनी राजधानी." मास्तरांनी कागद खाली केला. "कसं वाटलं?"

"आणि?"

"आणि काय? संपलं."

"मग सोमवारी काय?" छोटीने विचारलं.

मास्तरांनी कागदाकडे बघितलं. पट्टीने आखलेले सात रकाने, वर सात वार, खाली अधोरेषा. सोमवारचा रकाना कोरा होता. बुधवारचा कोरा. शुक्रवारचाही.

ओट्यावरची सुरी थांबली. वहिनींनी तो कागद सकाळपासून दोनदा वाचला होता. त्यांनाही काही राहिल्यासारखं वाटलं नव्हतं.

चार वर्षं हे तीन वार डायलिसिसचे होते. भल्या पहाटे उठायचं, चार तास मशीनला लावून घ्यायचं, उरलेला दिवस अंथरुणाला. वहिनी बाहेरच्या बाकावर. या वारी कुणाला जेवायला बोलवायचं नाही, कुणाच्या लग्नाला हो म्हणायचं नाही. चौदा महिन्यांपूर्वी ते सगळं संपलं, पण मास्तरांच्या हाताला तसं कुणी कळवलं नव्हतं.

"ते मी मुद्दाम राखून ठेवलेत," मास्तर म्हणाले.

त्यावर वहिनी हसत सुटल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या, मग हात कांद्याचे असल्याचं लक्षात आलं आणि डोळ्यांतून धारा लागल्या. "मेलं माझंही लक्ष गेलं नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांब जाऊन मी तिथेही कुठल्यातरी बाकावर बसले असते."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल खिशातून काढली आणि बहिणीपुढे धरली.

"छोटे, हे तीन वार माझे नव्हतेच. तू दिलेस मला. फार मोठं दिलंस गं."

छोटीच्या तोंडात टाचण्या होत्या, आणि तरीही तिला बोलता येतं. पण या वेळी "गप रे" काही बाहेर आलं नाही.

"त्या दिवशी काय करायचं ते तूच लिही," मास्तर म्हणाले. "तू येणार नसशील तर राहू देत तसेच कोरे. मला सुचत नाही."

छोटीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. पेन्सिल घेतली आणि सोमवारच्या रकान्यावर टेकवली. वहिनी ओला हात तसाच धरून जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"दादा," छोटी शेवटी म्हणाली, "पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात रे?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. एकदा नाही, दोनदा.

"आधी पासपोर्टच्या कचेरीत जावं लागतं. चल, मी येतो बरोबर. सोमवारी जाऊ," ते म्हणाले. "सोमवारी मी मोकळा असतो."