पुसलेली वाक्यं

रेकॉर्डिंग संपलं की करारात ठरल्याप्रमाणे स्टुडिओच्या दारात कपाळाला पट्टा लावायचा आणि आत काय वाचलं ते डोक्यातून पुसून घ्यायचं. यामिनीला याची सवय होती. आज मात्र पट्टा निघाल्यावरही ती दारातच थांबली.

“आज काय वाचलं हो मी?” तिनं रेकॉर्डिस्ट नाडकर्णींना विचारलं.

“मला कुठं आठवतंय? तुमच्याआधी माझाच पट्टा झाला.”

माईकसमोर ती नेहमी एखाद्या ओळखीच्या माणसाला डोळ्यांपुढे आणून त्यालाच सांगितल्यासारखं बोलायची. शब्द पुसले तरी चेहरा मागे राहायचा. आज धरणाखालच्या गावातल्या तिच्या दादाचा राहिला होता. का, ते उमगेना, पण त्याची काळजी वाटत होती.

तिनं फोन लावला. “दादा, वहिनीला घेऊन टेकडीवर जा.”

“का गं?”

“ते मलाच कळत नाहीये.”

दादा हसला. “लोक सामान बांधायला लागले होते. आत्ता भोंग्यावर तुझा आवाज आला, तेव्हा कुठं शांत झाले. ऐक.”

फोनमधून तिचाच आवाज आला, अगदी मायेनं. ‘घाबरू नका. धरण सुरक्षित आहे. कुणीही घर सोडू नये.’

एवढ्या साध्या वाक्यांत पुसण्यासारखं काय होतं?

“दादा, तिचं ऐकू नकोस.”

“तिचं म्हणजे?” दादा गोंधळला. “दोन्हीकडे तूच बोलतेयस. मग मी ऐकू कुणाचं?”