वाळूतली गोगलगाय

परिषदेत पडद्यावर आपण काढलेला फोटो पाहून चंद्रिका मेथरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालवणात ती पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला न्यायची. तळाशी वाळूत पालथी पडून तिनं ही बिनशंखाची गोगलगाय टिपली होती. ही कोणती, असं विचारत सागरी जीवांच्या एका प्राध्यापकांना फोटो पाठवले, तेव्हा ते म्हणाले होते, "साधीच आहे, सोडून द्या."

आज तेच व्यासपीठावरून सांगत होते, "ही नवी जात मला सापडली."

चंद्रिका उठली. "सर, ती वाळूत शिरते कशी?"

"शेपटीकडून."

"साफ खोटां! डोक्यान उकरत जाता ती. चला माझ्यावांगडा पाण्यात, आत्ताच दाखवतंय!"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. प्राध्यापक आयोजकांकडे वळून पुटपुटले, "मला पोहता येत नाही."

माईक चालूच होता.