वारं

साल १९३१. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात छगन आबांची सून यशोदा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवण नाही, झोप नाही. मधेच केस सोडून घुमायची. भगत म्हणाला, "सूनबाईले वारं लागेल शे. रोज सकाळी शिवेवरच्या देवीपर्यंत पायी न्या."

सून एकटी कशी जाणार? म्हणून सासू धुरपदाबाई सोबत निघाली, आपल्या गुडघ्यांना आणि सुनेच्या नशिबाला नावं ठेवत. पावसाळ्यापर्यंत यशोदा खाऊ-पिऊ लागली. आणि दोघी देवीहून परतायच्या त्या लांबच्या वाटेनं, कपाशीच्या बांधाबांधानं, हसत.

ते हसणं आबांना ओसरीवर ऐकू आलं.

"सून बरी शे ना आते? मंग रोज कसाले जावानं? उद्यापासून बंद."

यशोदा चुलीपुढे बसली. धुरपदाबाईचा मात्र पाय घरात ठरेना. चुलीपासून परसापर्यंत, परसापासून ओसरीपर्यंत, ती नुसती येरझारा घालत राहिली.

 

दुसऱ्या दिवशी उजाडताच, पिकले केस मोकळे सोडून, धुरपदाबाई आबांसमोर घुमायला लागली, "माले बी वारं लागेल शे! माले बी!"