मुळासकट

“आणि या वेळी मुळासकट काढा, माळीबुवा. दर वर्षी तेच रडगाणं नको,” सरांनी खिडकीतून बजावलं.

“भिंत माझ्यापेक्षा जास्त घाम गाळते, साहेब,” खालून माळी म्हणाला. “आधी पाइप बदला, मग बघा.”

सरांनी खिडकी लावून घेतली. आज त्यांना हसू येत नव्हतं. टेबलापलीकडे त्यांची विद्यार्थिनी बसली होती आणि दोघांच्या मध्ये तो नमुना होता. जाड कागदावर चिकटवलेला, बावीस वर्षांपूर्वी वाळवलेला एक नेचा. काळाभोर, चकचकीत देठ. माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं पानाचं टोक. पानाच्या पाठीवर, अगदी कडेने, बीजाणूंची तपकिरी रेघ. या जातीचा जगातला एवढाच पुरावा. त्याच्याच जोरावर सर या वनस्पतिसंग्रहालयाचे प्रमुख झाले होते.

“उद्या निघते,” ती म्हणाली. “सहा महिने, हा जिथे सापडला त्या घळीतच तंबू ठोकून राहणार. लेकीला आईकडे ठेवलंय. ती म्हणते, गवतासाठी मला सोडून चाललीस.”

“नेचा म्हणजे गवत नव्हे.”

“तेही सांगून झालं, सर. रडायची थांबली नाही.” तिने सरांच्या जुन्या लेखाची प्रत पुढे सरकवली. “चुन्याचा खडक, गर्द सावली, वर्षभर ठिबकतं पाणी. तुम्हीच लिहिलंय. इतकं सगळं असेल तिथे तो असणारच.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. असं कुणी विचारायला आलं तर द्यायचं उत्तर त्यांच्याकडे बावीस वर्षं तयार होतं. आज ते जिभेवर येईना.

“जाऊ नकोस,” ते म्हणाले. “तिथे काही नाही.”

“म्हणजे?”

“एकच रोप होतं. तीन दिवस घळ पिंजून काढली, दुसरं दिसलं नाही. एकच असेल तर फक्त पान घ्यायचं, हे तुम्हाला मीच शिकवतो ना? मी खोडासकट उपटलं. नमुना पूर्ण हवा होता. इथे आणलं, त्या कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये माती धुतली, पानं झटकली आणि दाबायला ठेवलं. लेखात लिहिलं, मोजकी रोपं आढळली.”

तिने लेखाची प्रत उलटी करून ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“पुढची दोन वर्षं गुपचूप जाऊन आलो. नुसता ओला खडक. मग तिकडे बघवेना.”

“आणि मी लेकीला काय सांगू?”

“सांग, सरांनी शेण खाल्लं.”

ती हसली नाही. सरांनी कोरा कागद ओढला. ‘ही जात नष्ट झाली आहे. शेवटचं रोप मी उपटलं.’ खाली सही केली. पेन खाली ठेवल्यावर त्यांना बऱ्याच वर्षांनी पुरता श्वास घेता आला. कागद त्यांनी तिच्याकडे दिला.

तेवढ्यात दार ढकलून माळी आत आला. हातात कापलेल्या हिरव्या पाल्याचं घमेलं होतं.

“बघून घ्या साहेब, नाहीतर म्हणाल काम चुकवलं. तुमच्या बेसिनच्या पाइपाखाली वीस वर्षं हेच काढतोय. वरून कापलं की चुन्याच्या फटीतून पुन्हा फुटतंच. भलतं चिवट.”

विद्यार्थिनीने घमेल्यातलं एक कोवळं पान उचललं आणि नमुन्याशेजारी ठेवलं. देठ काळाभोर होता. टोक दुभंगलेलं. तिने पान उलटलं. पाठ कोरी होती. बीजाणू धरायला अजून वेळ होता.

“बाबा,” तिने माळ्याला विचारलं, “पुन्हा फुटेल ना हे?”

“छे!” माळी अभिमानाने म्हणाला. “साहेबांनी बजावलं होतं, मुळासकट. फटीत ॲसिडचा अख्खा कॅन ओतलाय.”