चारची ओळ

“एकही चूक नाही!” मॅनेजरने नोंदवही मिटली. “मावशी, तुम्ही राहिलात. बाकी दोघींना उद्यापासून नारळ.”

वृद्धाश्रमात मरायला कुठलीही भाषा चालते. नोंद मात्र इंग्रजीतच लागते, कारण म्हाताऱ्यांची मुलं ती लांबून मोबाईलवर वाचतात. महिन्यापूर्वी फर्मान निघालं होतं: दर तासाला प्रत्येक खाटेची एक ओळ, इंग्रजीत. जमेल ती राहील, बाकीच्यांनी घर गाठावं. खाटा वीस, पाळीला मावशी एक. घरी तिच्या पगारावर चार तोंडं.

सात नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांनी तिला शिकवलं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून हा माणूस इथे येऊन पडला होता. पाय गेलेले, जीभ शाबूत.

“रोज जेवतो ते वेगळं, आत्ता जेवतोय ते वेगळं. घरी बोलताना चुकतेस का कधी, ठोंबे? मग इथेच का दातखीळ बसते?”

‘इज’ आठवलं की ती क्रियापदामागचं ‘इंग’चं शेपूट विसरायची. शेपूट लावलं की ‘इज’ गायब. रडली, शिव्या खाल्ल्या, पुन्हा लिहिलं. आणि जमलं.

साडेचारला ती धावतच सात नंबरकडे गेली. “मास्तर, पास झाले मी!”

मास्तर भिंतीकडे तोंड करून निजलेले. तिने खांदा हलवला. अंग गार होतं. मान वळेना.

मॅनेजर आला. त्याने हात लावला आणि झटकन काढून घेतला. “हे मघाचं नाही,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “तोंड उघडलंत तर तुम्हीही घरी आणि मीही.”

सहाला मास्तरांचा मुलगा आला. मॅनेजरने नोंदवहीच पुढे केली. एकची ओळ, दोनची, तीनची. मग चारची: ‘पेशंट इज स्लीपिंग पीसफुली.’ मुलाने ती दोनदा वाचली, तिचा फोटो काढला आणि ढसाढसा रडला.

“सहा महिने मला यायला जमलं नाही, मावशी. पण तुम्ही दर तासाला बघत होता. शेवटपर्यंत कुणीतरी होतं त्यांच्याजवळ.”

तिचे ओठ हलले. मॅनेजर खोकला. तिने नोंदवही मिटली.

काय सांगणार होती? वीस जणांचं गू-मूत काढताना दर तासाला लिहायला फुरसत कुठली, म्हणून चारही ओळी तिने दुपारी बारालाच, मास्तरांच्या उशाशी बसून लिहून काढल्या होत्या. तपासल्याही त्यांनीच. शेवटच्या ओळीत ‘पीसफुली’ घालायला लावून ते हसत म्हणाले होते, “लिही बिनधास्त. चारपर्यंत मी कुठे जातोय?”